सबब

मुनाफभाई म्हणाले, एका पानात बसवा मॅडम,
दुसरं पान कुणी उलटत नाही.
कलिन्याच्या गेटासमोर त्यांचं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रोजेक्टचं स्पायरल,
आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आज मी,
उल्का दत्ताराम पेडणेकर, एम. ए.,
फॉन्ट अकरा, समास अर्धा इंच.

पद : न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ.
मावशी विचारते, म्हणजे ते खोटं पकडायचं मशीन?
नाही गं. म्हणजे ऐकायचं.
तेवढ्यासाठी एवढी फी भरलीस?

खोटं ओळखायला बाबांनी शिकवलं,
किल्ला कोर्टाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली,
रेमिंग्टनवर प्रतिज्ञापत्रं बडवताना.
खरं बोलणारा मधूनच सुरू करतो, म्हणायचे,
आणि मग मागे जातो, विसरलेली चप्पल शोधायला.
खोटं बोलणारा इस्त्री करून येतो,
तारीख, वार, वेळ,
शेजारी कोण उभं होतं तेसुद्धा.
बाबा दोघांचंही सारखंच टाइप करायचे,
पानाला पंधरा रुपये,
आणि शेवटच्या परिच्छेदाआधी
सगळ्यांच्याच दुःखाला एकच शब्द लावायचे.
सबब सदर प्रतिज्ञापत्र.
सबब विनंती की.

माझा हा कागदही इस्त्री करून आलाय.
मी त्याला समोर बसवते, पाणी विचारते.
'उत्तम संवादकौशल्य.' कोण म्हणालं?
'भायखळा महिला कारागृह, आठ आठवडे,
सोळा कैद्यांच्या मुलाखती.'
इथे थांब. पुन्हा सांग.
पंधरा.
सोळावी बोललीच नाही.
रोज समोर बसून माझ्या ओढणीच्या
सुटलेल्या दश्या गाठी मारून द्यायची,
शेवटच्या दिवशी दश्या संपल्या
तर माझ्या हातांकडे बघत बसली.
तिचा रकाना मी कोरा दिला. गुण कापले गेले.
मुनाफभाई, सोळाचे पंधरा करा.

ते करतात. मग कर्सर नेऊन थांबवतात
दोन तारखांच्या मधे.
हे चौदा महिने?
गॅप दिसतोय. काहीतरी सबब लिहा,
कोर्स, आजारपण, काहीही.
लोक लिहितात.

चौदा महिने हाच एक शब्द होता घरात.
बाबांच्या मेंदूत रक्ताची एक गुठळी
साऱ्या भाषेवरून फिरली
आणि मागे एवढाच ठेवून गेली.
पाणी हवं, सबब.
पाठ दुखते, सबब.
संडास, सबब, आणि मान भिंतीकडे.
आई गेली त्या तारखेला दिवसभर नुसतंच
सबब, सबब, हळू,
अनोळखी गल्लीत कुणी पत्ता विचारावा तसं.
मी वहीत लिहून ठेवायचे, स्वर, वेळ, भुवई.
सातव्या महिन्यात चुका कमी झाल्या.
ह्याचं प्रमाणपत्र कुठल्या खिडकीवर मिळतं?

रिकामं राहू दे, म्हटलं.
विचारतील.
विचारू देत.

'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.'
सही. तीन प्रती, चोवीस रुपये.
फोल्डर मुनाफभाईंनी फुकट दिलं.

रात्री काळाचौकीला
बाबांच्या पोटावरच्या चादरीवर तो कागद ठेवला.
इंग्रजी, पण तारखा तारखाच असतात.
डाव्या हाताचं बोट ओळीओळीने उतरत गेलं,
तीस वर्षांची सवय,
नाव, वय, धंदा, राहणार,
आणि दोन आकड्यांच्या मधे येऊन अडलं.
कागदावर दोनदा टकटक केलं.

सबब?

प्रश्नचिन्ह पहिल्यांदाच ऐकत होते.
वहीत ह्याची नोंद नव्हती.
मी खुर्ची जवळ ओढली
आणि मधूनच सुरू केलं.